वाऱ्याची अक्षरं

सोमशेखर हत्तरकी गुरुजींच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कागदाची एक लहान पुडी असायची. शाळेत कोणी नवा माणूस आला की त्याला ती तंबाखूची वाटायची. पुडीत भाजलेल्या शेंगदाण्यांची लाल सालं असत. नुसती सालं, दाणे नाहीत.

आमची शाळा गडहिंग्लजच्या दक्षिणेला, सीमेच्या अगदी जवळ. पटांगणाच्या कुंपणापलीकडं ऊस, उसापलीकडं ओढा, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत घरोघरी कानडी. बाजाराच्या दिवशी सगळेच दोन्ही भाषांत घासाघीस करत. मी तिथं मुख्याध्यापिका होते. गुरुजी आले तेव्हा मी त्यांना चौथी दिली होती. गणित उत्तम शिकवत. उंच, किंचित वाकलेले, कपाळावर विभूती, पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा. बोलायचे फार सावकाश. त्यामुळं गावातल्या काहींना ते शिष्ट वाटायचे. खरं म्हणजे प्रत्येक शब्द बाहेर सोडण्याआधी ते तो तपासून घेत असत. हे मला नंतर कळलं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये पहिलीच्या बाईंची जयसिंगपूरकडं बदली झाली आणि मी पहिली गुरुजींकडं दिली. मधल्या सुट्टीत ते ऑफिसात आले, दार लोटून घेतलं आणि उभेच राहिले.

"बाई, पहिली सोडून कुठलाही वर्ग द्या. दोन वर्ग एकत्र द्या. चालेल मला."

"का हो? लहान मुलं आवडत नाहीत?"

"आवडतात. म्हणूनच म्हणतो." थोडा वेळ ते टेबलावरच्या पृथ्वीच्या गोलाकडं बघत राहिले. "माझी जीभ कानडी आहे, बाई. नीट लक्ष दिलं तर येतं सगळं. पण घाबरलो की श्वास सुटत नाही. ख म्हणायला जातो आणि क येतो. चौथीच्या पोरांची जीभ तयार झालेली असते, त्यांना माझ्यामुळं काही होत नाही. पहिलीचं पोर मात्र गुरुजीच्या तोंडाकडं बघून शिकतं. वर्गभर पोरं माझी जीभ घेऊन घरी जातील."

"मी तर कधी ऐकलं नाही तुमचं चुकलेलं."

"तुमच्यासमोर मी घाबरत नाही," ते म्हणाले. मग अगदी हळू म्हणाले, "आज मात्र बीती वाटते."

आणि शब्द सुटल्याबरोबर त्यांचा हात तोंडावर गेला. तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं.

माझ्याकडं दुसरं माणूस नव्हतं. मी त्यांना तेवढंच सांगितलं. ते मान हलवून गेले.

त्या भीतीचं मूळ त्यांनी मला पुढं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्यांचे वडील नागाप्पा यांचं सीमेवरच्या एका खेड्यात किराणा दुकान होतं. गिऱ्हाईक निम्मं मराठी, म्हणून मुलाला त्यांनी मराठी शाळेत घातलं. घरात सगळी कानडी. शाळेत लहानग्या सोमशेखरला क आणि ख ही दोन वेगळी अक्षरं आहेत एवढं डोळ्यांना कळायचं, पण कानाला आणि तोंडाला कळत नव्हतं. दुकानात बसला की गिऱ्हाइकं मुद्दाम विचारत, "काय रे, त्या डब्यात काय हाय?" तो म्हणे, "कोबरं." मग हसायचे, खोबरं घेऊन जायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. नागाप्पांनाही त्यात वावगं वाटलं नाही. गिऱ्हाईक खूश होतं.

दुकानात पिराजी नावाचा तोलणारा होता, मराठी घरचा. एकदा तो तराजूच्या पारड्यावर वाकून भाजके दाणे मोजत होता. कुणीतरी खोबरं मागितलं. "खोबरं संपलं," पिराजी म्हणाला, आणि पारड्यातली सालं भुर्रकन उडाली. मुलानं बघितलं. "पिराजीमामा, परत म्हण." पिराजीनं परत म्हटलं, परत उडाली. मग मुलानं पारड्यावर तोंड नेऊन म्हटलं, "कोबरं." साल जागचं हललं नाही. ख म्हणजे क आणि वारा, हे गुरुजींना त्या दिवशी समजलं. कित्येक महिने ते सालं समोर धरून बोलत राहिले आणि अखेर त्यांचीही उडायला लागली. भीती वाटली की मात्र वारा आतच अडायचा, तो शेवटपर्यंत.

म्हणून त्यांनी पहिलीला शिकवण्याची जी रीत बसवली ती मी आधी कुठं पाहिली नव्हती. आमच्याकडं पहिली म्हणजे एकसुरात ओरडणं. गुरुजी म्हणणार "क कमळाचा", पोरं मागून म्हणणार "क कमळाचा". दोन महिन्यांत पोराला सगळी चाल पाठ. मग फळ्यावरचं मधलंच एखादं अक्षर दाखवलं की ते बिचारं पहिल्यापासून गुणगुणत तिथपर्यंत येणार. हत्तरकी गुरुजींच्या वर्गातून मात्र तो गजर ऐकूच येत नसे. सुरुवातीला मला वाटलं, शिकवणं चाललंय की नाही? मी खिडकीशी उभी राहिले.

गुरुजी विचारत होते, "सकाळी चुलीवर आई काय करते?"

"भाकरी."

"तोंडातून पहिल्यांदा काय निघालं?"

"भ."

"हातावर सोडा."

पोरांनी तळहात तोंडासमोर धरले. प्रत्येकाच्या हातावर एक लाल साल. वर्गभर सालं उडाली. मग गुरुजींनी वळून लाल खडूनं फळ्यावर भ काढला. स्वतः तो आवाज काढलाच नाही. तसंच आधी 'बांगडी' झालं होतं, तो ब पांढऱ्या खडूचा. लाल ती वाऱ्याची अक्षरं, पांढरी ती गप अक्षरं. आवाज नेहमी पोरांच्या तोंडून घ्यायचा आणि त्याला अक्षर द्यायचं. स्वतः आधी म्हणून दाखवायचं नाही, पोरांनी आपल्यामागून म्हणायचं नाही. पोरांनी बघायचं ते अक्षराकडं, गुरुजींच्या तोंडाकडं नाही. ही सगळी रचना त्यांनी भीतीपोटी केली होती, पण पोरं झपाट्यानं वाचायला लागली.

वर्गात ओढ्यापलीकडची एक मुलगी होती, सौंदर्या. घरी कानडी, शाळेत जवळजवळ गप्प. तिच्या हातावरचं साल कधी उडायचंच नाही. गुरुजी तिला काही बोलत नसत. तिला ते पृथ्वीराजशेजारी बसवत. पृथ्वीराज म्हणजे गावातल्या आकाराम आबांचा नातू, दणकट आवाजाचा. तो ख म्हणाला की सौंदर्यानं आपला तळहात त्याच्या तोंडासमोर धरायचा आणि वारा लागतो का बघायचं. "लागला?" गुरुजी विचारत. ती मान हलवे. तेवढ्यावर ते समाधान मानत. मला ते जरा जास्तच सांभाळून घेणं वाटायचं, पण 'कोबरं'वरून लोकांचं हसणं सोसलेल्या माणसाला मी काय सांगणार.

दिवाळीनंतर शाळा सुरू झाली आणि पहिल्याच आठवड्यात आकाराम आबा पटांगणातून सरळ ऑफिसात आले. आबांचा आवाज असा की समोरच्या माणसाशी बोलताना शिवारातल्याला हाक मारल्यासारखं वाटावं.

"बाई, ह्यो काय परकार हाय? आमचं प्वार भाकरीला बाकरी म्हणाय लागलंय. घोड्याला गोडा. काल म्हणतंय, आज्जी, गर कुटं हाय? अवो, घराला गर?"

"बसा आबा. चहा घ्या."

"च्या ऱ्हाऊ दे. पयलीला कानडी मास्तर लावलासा, त्येचं ह्ये फळ. माणूस वाईट न्हाय, मी न्हाय म्हणत. पण जिभंचं काय? आमचं प्वार कानडी झालं की."

गुरुजी शेजारच्या वर्गातून बाहेर आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रंग उतरलेला चेहरा घेऊन ते दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आबा, माप करा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. "बगा. माप म्हणतंय. कशाचं माप घ्यायचं आता?"

माझ्या मनात आलं, आबा स्वतः 'बगा' म्हणतात, 'कुटं' म्हणतात. आमच्याकडं शब्दाच्या पोटातला वारा सगळेच सोडून देतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. शब्दाच्या तोंडाशी असलेला वारा गेला, की मात्र माणूस लगेच कानडी ठरतो. हे आबांना सांगून उपयोग नव्हता. त्यांची काळजी खरी होती. नातवाला उद्या गडहिंग्लजच्या हायस्कुलात कोणी 'गर' म्हणून चिडवू नये, एवढंच त्यांना हवं होतं. तेच गुरुजींनाही हवं होतं.

आबा जाताना म्हणाले, "केंद्रपरमुखाला मी निरोप धाडलाय. यिऊन कानानं ऐकू दे त्यांला."

आबा गेल्यावर गुरुजी खुर्चीत बसले नाहीत. "बाई, मी सांगितलं होतं ना."

"थांबा. अजून काही सिद्ध झालेलं नाही."

"घराला गर. हे दुसऱ्या कुणाचं नाही, माझंच आहे." ते खिशातली पुडी चाचपत होते. "उद्या वर्गात मागं बसाल? डोळे मिटून ऐका. मी कुठं चुकतो ते सांगा. लपवू नका."

मी बसले. ते नेहमीप्रमाणं कमी बोलले, पण वर्ग चालवायचा म्हणजे चार शब्द बोलावेच लागतात. एका पोराला ते म्हणाले, "तांब." एवढं एकच. तास संपल्यावर मी सांगितलं. त्यांनी मान खाली घातली. मलाही त्या दिवशी घरी जाताना बरं वाटलं नाही. वर्षभर रोज एक 'तांब' ऐकणाऱ्या पोराचं काय होतं, हे मला कुठं ठाऊक होतं? पोरांचं नुकसान होत असेल तर वर्ग काढून घेणं माझं काम होतं. आणि वर्ग काढून घेतला तर हा माणूस पुन्हा कधी पहिलीच्या दारात पाऊल ठेवणार नाही, हेही मला दिसत होतं.

त्या दिवसांत गुरुजींनी डबा खाणं सोडलं. रविवारी मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या आई गंगव्वा जोत्यावर ज्वारी निवडत होत्या. आतून गुरुजींचा आवाज येत होता, "घर. घर. घर." प्रत्येक घर वेगळ्या जोरानं.

"सोमू, ऊट माडो," गंगव्वांनी हाक दिली. जेव म्हणून. आत 'घर' चालूच राहिलं. मोडक्या मराठीत त्या मला म्हणाल्या, "सकाळपासून बिंतीला बोलतोय. जेवायला बोलाव तुमी. आईचं ऐकत नाही, बाईचं ऐकंल."

मी हाक मारली. गुरुजी बाहेर आले, त्यांच्या हनुवटीला शेंगदाण्याचं साल चिकटलं होतं. आईसमोर बसून ते निमूट जेवले.

केंद्रप्रमुख पुढच्या आठवड्यात येणार असं कळलं. गुरुजींनी मला स्पष्टच सांगितलं, "त्यांनी यायच्या आधी तुम्हीच वर्ग बदला. तुमच्या हातून गेला तर चालेल. पोरांसमोर काढून घेतला तर जमायचं नाही मला." मी म्हटलं, शनिवारपर्यंत थांबा.

शुक्रवारी शाळा भरायच्या वेळी आकाराम आबांच्या मालकीण, शालूबाई, नातवाचं मनगट धरून आल्या. या बाईंचे पुढचे दात सगळे गेलेले, आणि बोलणं अखंड.

"अवो बाई, म्हातारा तुमास्नी काय सांगून गेला मला म्हाईत न्हाय. प्वार कानडी झालं म्हणं. प्वार कसलं कानडी हुतंय? लबाड झालंय. मला लुटलंय त्यानं."

"लुटलंय म्हणजे?"

"कुटासाठी दाणं भाजून ठिवलं हुतं. निम्मं खाल्लं. चोरून न्हवं, जिकून." त्यांनी आपला तळहात तोंडासमोर धरला. "असा हात धरायचा. वर साल ठिवायचं. म्हणायचं भाकरी. साल उडालं की हारलं, दाणा त्येला. ह्यो म्हणतोय बाकरी, साल हलत न्हाय. मी म्हणतुया भाकरी, साल चुलीपतोर जातंय. माज्या तोंडात दात न्हाईत, माजा वारा जास्तच सुटतोय. रोज हारतीया मी."

मी गुरुजींना बोलावलं. त्यांनी शालूबाईंना सगळं पुन्हा सांगायला लावलं. मग पृथ्वीराजसमोर ते उकिडवे बसले.

"साल उडालं तर काय होतं?"

"हारतंय."

"कुणी सांगितलं?"

पोरानं विचार केला. "कुणी न्हाय. साल जातंय म्हंजे हारलंच की. ज्येच्यापाशी ऱ्हायलं त्यो जिकला."

"भाकरी नीट म्हण बघू. हरलास तरी चालेल."

"भाकरी," पृथ्वीराज म्हणाला. साल उडून गुरुजींच्या गुडघ्यावर पडलं आणि पोराचं तोंड उतरलं.

शालूबाई मोठ्यानं हसल्या. मीही हसले. मला वाटलं, आता गुरुजींच्या छातीवरचं ओझं उतरलं असेल. ते मात्र तसेच बसून होते.

"हे वर्गात सगळे खेळतात?"

"व्हय. मधल्या सुट्टीत."

"सगळ्यात जास्त दाणे कोण जिंकतं?"

"सौंदर्या," पृथ्वीराज लगेच म्हणाला. "तिचं कवाच उडत न्हाय. लई भारी हाय ती. आमी तिच्यावानी म्हणायला बगतोय, पण तिच्याएवढं जमत न्हाय."

आता मला कळलं. पोरं गुरुजींची जीभ घेऊन घरी जात नव्हती. ती सौंदर्याची नक्कल करत होती, कारण ती जिंकत होती. चार महिने वर्गात तोंड न उघडणारी पोरगी मधल्या सुट्टीत सगळ्यांची पुढारी होती, आणि तिच्या फ्रॉकचा खिसा दाण्यांनी भरलेला असायचा.

शालूबाई आणि पृथ्वीराज गेल्यावर मी म्हटलं, "मग आता सोपं आहे. सांगा पोरांना, वाऱ्याच्या अक्षराला साल उडालंच पाहिजे. उडालं तो जिंकला."

"म्हणजे उद्यापासून ती रोज हरणार," गुरुजी म्हणाले.

"खेळच आहे हो तो," मी म्हटलं.

"बाई, मी तिच्या वयाचा होतो तेव्हा माझ्या 'कोबऱ्या'ला लोक हसले. हिच्या 'कोबऱ्या'ची पोरं नक्कल करतायत. असं कुणाच्या वाट्याला येतं? आणि ते मीच काढून घ्यायचं?" ते उठून खिडकीशी गेले. पटांगणात सौंदर्या आंब्याच्या पारावर बसली होती, भोवती पाचसहा पोरं. "चूक माझी आहे. मी सालं हातात दिली, आणि चांगलं कशाला म्हणायचं ते सांगितलंच नाही. कमी बोलायच्या नादात शाबासकी द्यायचीच राहिली."

शनिवारी सकाळी त्यांनी वर्गात खेळ बदलला. मी खिडकीशी होते. नियम असा की आधी अक्षर बघायचं. गप अक्षर असेल तर साल हलता कामा नये, वाऱ्याचं असेल तर उडालं पाहिजे. अक्षर सांगेल तसं ज्याचं साल वागेल, त्याला दाणा. गप अक्षरांना सौंदर्या पहिल्यासारखीच जिंकत राहिली. प म्हणताना बाकीच्यांची सालं थोडी तरी थरथरायची, तिचं दगडासारखं. वाऱ्याच्या अक्षरांना ती हरायची. पहिल्यांदा हरली तेव्हा तिनं हातावरच्या सालाकडं असं बघितलं की जणू त्यानंच दगा दिला. मग तिनं आपण होऊन पृथ्वीराजच्या तोंडासमोर हात धरला. आजवर गुरुजींनी सांगितल्यावर धरायची.

सगळीकडं आनंदीआनंद झाला असं मात्र नाही. दोन दिवसांनी आबांचा निरोप आला, की पोरगं आता जेवताना भाकरी म्हणतं तेव्हा आमटीचे शिंतोडे उडतात.

केंद्रप्रमुख जोतीराम पोवार मंगळवारी आले. शांत, कामापुरतं बोलणारे गृहस्थ. त्यांच्या मागून आबा आले आणि वर्गाच्या दारात चौकटीला टेकून उभे राहिले. गुरुजींचा शर्ट पाठीवर भिजलेला मला दिसत होता. त्यांनी लाल खडू हातात घेतला, तेव्हा पोवार म्हणाले, "राहू द्या गुरुजी, मी काढतो." त्यांनी पांढऱ्या खडूनं, क्रम मोडून, अक्षरं काढली. म, घ, त, ख, ग, भ. लाल काहीच नाही. आणि वळून म्हणाले, "चला. तुम्ही दाखवून म्हणा, पोरं तुमच्यामागून म्हणतील."

"मी आधी म्हणत नाही, साहेब. पोरं—"

"म्हणा हो. पद्धत तशीच आहे."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं. मला त्यांच्यासाठी काहीच करता येत नव्हतं. त्यांनी छडी उचलली, म वर ठेवली. "म." पोरं म्हणाली, "म." छडी पुढं सरकली, घ वर थांबली. त्यांनी तोंड उघडलं.

"ग," गुरुजी म्हणाले.

मला तो स्वच्छ ऐकू आला. आबांनाही आला असणार, कारण ते चौकटीपासून सरळ झाले.

क्षणभर वर्ग थांबला. पोरांनी गुरुजींकडं बघितलंच नाही. तशी त्यांना सवयच नव्हती. ती फळ्याकडं बघत होती.

"घ," वर्ग म्हणाला. पृथ्वीराजचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

सगळ्यांचं म्हणून झाल्यावर पुढच्या ओळीत एक हात वर आला. सौंदर्यानं एकटीनं आधी गुरुजींच्या तोंडाकडं पाहिलं होतं, मग फळ्याकडं. आता तिनं तळहात तोंडासमोर धरला, डोळे मिटले, आणि एकटीच, उशिरा, म्हणाली, "घ." हातावर साल नव्हतं. पण तिला वारा लागला असावा, कारण तिनं हात तसाच धरून ठेवला.

"एक गाडी मागं राहिली होती," पोवार हसून म्हणाले. "आली. पुढं चला."

पुढची अक्षरं गुरुजींनी कशी म्हटली ते मला आठवत नाही. पोरांनी सगळी नीट म्हटली. मग पोवारांनी फळ्यावर शब्द लिहिले, कुठल्याही पुस्तकात सापडणार नाहीत असे. पोरांनी तेही वाचले. निघताना पोवार गुरुजींना म्हणाले, "तुमचा घसा बसलाय वाटतं. जपा. पोरांचा आवाज चांगला आहे. पहिली तुमच्याकडंच राहू दे."

आबा पटांगणात माझी वाट बघत होते. "बाई, मास्तर ग म्हणाला. मी ऐकलं."

"मीही ऐकलं, आबा."

"आन पोरं घ म्हणाली."

"हो."

आबांनी टोपी काढून पुन्हा डोक्यावर ठेवली. "मग ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पोरं शिकत्यात. मास्तरबी शिकंल हळूहळू." आणि गेले.

गुरुजी रिकाम्या वर्गात बाकावर बसले होते. जमिनीवर सगळीकडं लाल सालं. मी आत गेले तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "मी ग म्हटलं ना, बाई?"

"म्हटलंत."

"पोरांसमोर."

"पोरांनी तुमच्याकडं बघितलं कुठं? तुम्हीच तर त्यांना अक्षराकडं बघायला शिकवलंत."

कोपऱ्यातला केरसुणीचा बुडखा घेऊन त्यांनी स्वतः वर्ग झाडला, आणि साफ राहिलेली सालं वेचून पुडीत घातली.

मी दोन हजार तीन साली निवृत्त झाले, तोवर पहिली त्यांच्याकडंच होती. त्यांची भीती गेली का, असं मला कोणी कोणी विचारतं. नाही गेली. दर जूनला, शाळा भरायच्या आदल्या दिवशी, ते ऑफिसात येत, दार लोटून घेत आणि म्हणत, "बाई, पहिली सोडून कुठलाही वर्ग द्या." मी विचारायची, का? ते म्हणायचे, "बीती वाटते." तसंच, वारा नसलेलं. मग माझ्याकडं बघत उभे राहायचे. मी नाही म्हणून मान हलवली की ते खिसा चाचपून पुडी आहे ना बघत, आणि पहिलीच्या वर्गाची किल्ली खिळ्यावरून काढून घेऊन जात.